शीलाकाकूंची कुजबुज

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत कुणाला गुपित सांगायचं असेल, तर आधी सगळ्यांचे हातोडे चालू आहेत ना, याची खात्री करून घ्यावी लागते. हातोडे थांबले की इथली कुजबुज पार कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत पोचते, आणि पानवाला ती पुढे पोचवतो. दोष तसा कुणाचाच नाही. सकाळपासून तांब्याच्या पत्र्यावर ठण्ण-ठण्ण सुरू असतं. एका घरातला ठोका विरायच्या आत समोरच्या घरातला पडतो. अशा ठिकाणी "अगं, जरा मीठ दे" हेसुद्धा लढाईवर निघाल्यासारखं म्हणावं लागतं.

या आळीतला सगळ्यांत मोठा आवाज शीलाकाकूंचा. शीलाकाकू म्हणजे सत्यशीला दत्तप्रसाद वडके. वाघोलीला त्यांचा भाऊ राहतो, बाळमामा. काकूंचा फोन आला की तो म्हणतो, "ताई, फोन ठेव आणि नुसती खिडकीत येऊन बोल. उगाच बॅटरी कशाला जाळतेस?" मुलीच्या शाळेत पालकसभा चालली होती, तेव्हा बाई मधेच थांबून म्हणाल्या, "मागे कुणीतरी माईक चालू ठेवलाय, प्लीज बंद करा." माईक कुठलाच नव्हता. काकू शेजारणीला विचारत होत्या, "पंखा लावतील का हो?" आणि एकदा एका दुखवट्याच्या घरी भेटायला गेल्या असताना त्यांनी शेजारणीच्या कानाला लागून, अगदी हळूच, स्वतःच्या मते हळूच, म्हटलं होतं, "म्हातारे गेले ते सुटले. सूनही सुटली बिचारी." सगळी बैठक माना खाली घालून बसली. सुनेनं तेवढी मान डोलावली, असं बघणारे सांगतात.

पण या काकू मुळात अशा नव्हत्या, हे सांगितलं तर आळीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यांचं माहेर वाघोलीचं, तेव्हाच्या वाघोलीचं, जेव्हा तिथं टॉवर नव्हते, हरभऱ्याची शेतं होती. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. घरात कुकरसुद्धा दबकत शिट्टी मारायचा. मुलगी बघायला वडके मंडळी गेली, तेव्हा ही मुलगी इतकी हळू बोलली, की सासूबाईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "छान आहे हो, पण बोलते का?"

नवऱ्यानं, म्हणजे यज्ञेश्वर वडक्यांनी, तोंडानं उत्तर दिलं नाही. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याला टेकवली आणि हवेत एक टिचकी मारली.

आता ही टिचकी समजायला आळीची भाषा समजली पाहिजे. हातोड्यांच्या कल्लोळात जन्म काढल्यावर माणसं दोन गोष्टी शिकतात. एक, ओरडायला, दोन, न बोलता बोलायला. बाई दारात येऊन अंगठा ओठाला लावते, म्हणजे चहा ठेवू का? आतला माणूस हातोडा एकदा वर करतो, म्हणजे ठेव. आडवा हलवतो, म्हणजे नको. पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेली, की पान वाढलंय. आणि हातोडा हललाच नाही, समोरून बघूनही उत्तर आलं नाही, तर समजायचं, स्वारी रुसलीय. त्याला दुसरा अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही.

टिचकी मात्र कारागिरांची खास. भांडं घडवून झालं की ते सगळ्या अंगानं हातोडीनं बारीक ठोकून काढतात, म्हणजे पत्रा घट्ट होतो, चकाकतो. त्याला म्हणतात मठारणं. जुना कारागीर भांड्यावर टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि निकाल देतो. हवेत मारलेल्या टिचकीचा पूर्ण अर्थ असा : "पत्रा चांगला आहे, पण अजून मठारायला हवं." आळीत ही टिचकी भांड्यांपुरती राहिलेली नाही. नवे जावई, नवे नगरसेवक, पहिल्यांदा उकडीचे मोदक करणाऱ्या सुना, सगळे तिच्याखालून गेलेत.

शीलाकाकूंना हा अर्थ लग्नानंतर दोन वर्षांनी सासूबाईंनी सांगितला. काकू आधी भडकल्या, मग हसत सुटल्या, आणि ते हसणं समोरच्या माडीवरच्यांनी ऐकलं. मामंजी तेवढे म्हणाले, "झालं की मठारून."

मामंजी म्हणजे हेच यज्ञेश्वर वडके. सासूबाई गेल्यावर घरात काकूंशी हातवाऱ्यांत बोलणारं हे एकच माणूस उरलं. पंचाहत्तरीला आलेले, पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशा, तळहात तांब्याच्याच रंगाचा. कान कधीच गेलेले; घरच्यांचं बोलणं ते ओठांवरून ओळखतात. बाहेरच्यांनी काही विचारलं, की ते सरळ मान हलवून "हो" म्हणतात. त्यांचं म्हणणं, जगात निम्म्या प्रश्नांचं उत्तर हो असतंच, आणि उरलेले प्रश्न विचारणाराला उत्तर नकोच असतं. गॅसवाल्याला हो. मत मागायला येणाऱ्या सगळ्याच पक्षांना हो.

दिवाळी तोंडावर आली होती, बंबांच्या ऑर्डरी होत्या. काकूंचे यजमान दत्ताकाका टेम्पो घेऊन वाघोलीला एका हॉटेलात बंब पोचवायला गेले होते. आणि त्या दिवशी सकाळीच घरात ठिणगी पडली.

भांडी उजळायला चिंच भिजत घातली होती. त्या वाडग्यात काकूंना काहीतरी दिसलं.

"मामंजी! हे काय आहे?"

मामंजींनी डोकावून बघितलं. "चिंच."

"चिंचेत काय आहे?"

"बी."

"बी नाहीये ती! तुमचं कानातलं यंत्र आहे!"

"मग स्वच्छ झालं असेल."

"अहो, तुमच्या लेकानं हौसेनं आणलंय! घालत का नाही तुम्ही ते?"

मामंजींनी पत्र्यावर हातोडा टेकवला आणि शांतपणे सांगितलं, "घातलं होतं एकदा. तू किती ओरडतेस ते कळलं. त्यापेक्षा बहिरा बरा."

काकूंना ते लागलं. एरवी लागलं नसतं, पण सकाळची वेळ, आणि माणूस आपलं. त्या झाकण आपटून आत गेल्या. झाकण तांब्याचंच, त्यामुळे राग चांगला दोन मिनिटं घुमत राहिला.

राग आधी काकूंचा उतरला. शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांचा गलका ऐकू आला, तशा त्या दारात गेल्या आणि अंगठा ओठाला लावला. मामंजींनी मान वर न करता हातोडा एकदा उचलला. ठेव. काकूंनी चहा नेऊन दिला. मिटलं, असं त्यांना वाटलं.

मग पान वाढून त्या पुन्हा दारात आल्या. पाची बोटं तोंडाशी. मामंजी त्यांच्याकडेच बघत होते. हातोडा मांडीवर. हात हलला नाही.

"अगंबाई," काकू स्वतःशी म्हणाल्या, आणि ते आळीनं ऐकलं. "चहा प्यायला तेवढा राग नव्हता, जेवायला आहे!"

त्यांनी ताट झाकलं. भूक लागली की येतील मुकाट. त्यांनी कपडे वाळत घातले, कॉलेजातल्या मुलीला फोन करून डबा खाल्लास का विचारलं, आणि परत दारात येऊन, या वेळी जरा लाडीगोडीनं, पाची बोटं नाचवली. मामंजी बघत राहिले. मग मांडीवरचा हातोडा घरंगळला आणि खाली पडला.

तांबट आळीत हातोडा पडत नसतो. हातोडा पडतो तो पत्र्यावर. फरशीवर पडलेल्या हातोड्याचा आवाज काकूंनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

मामंजी उठायला गेले आणि भिंतीवर कलंडले. काहीतरी बोलले, शब्द ओल्या पिठासारखे एकमेकांना चिकटून आले. काकूंनी एक हाक मारली, "उत्तरेश्वर!", आणि कोपऱ्यावर पान लावून घेत असलेला रिक्षावाला उत्तरेश्वर पान तिथंच टाकून रिक्षा घेऊन दारात हजर.

"बसा वहिनी, आज सिग्नल बघत नाही."

"एरवी कुठं बघतोस!" काकू म्हणाल्या. मामंजींची मान खांद्यावर सावरत होत्या, पण टोमणा आपोआप बाहेर पडला. पुण्यात टोमण्याला शुद्ध लागत नाही.

हॉस्पिटलच्या दारातच सुरक्षारक्षकानं बोट ओठावर ठेवलं. "काकू, हळू. पेशंट झोपलेत."

"माझा पेशंट पण झोपेल, त्याच्या आधी आत सोडा!"

आपत्कालीन विभागात एक डॉक्टर होते. तरुण, केस नीट बसवलेले, तोंडावर मास्क, एका कानात वायरचा इअरफोन. कोटावर नाव होतं, डॉ. वरद. टेबलाच्या कडेवर अर्धे टेकून ते फोनमध्ये बोलत होते.

"नाही, नाही. लिसन. ईस्ट फेसिंगच हवा. वाघोलीत वेस्ट फेसिंग कोण घेतं यार? सूर्य डायरेक्ट हॉलमध्ये."

वाघोलीत सूर्य कुठूनही भाजतो, हे काकूंना माहेरच्या अनुभवानं माहीत होतं, पण ही ती वेळ नव्हती. "डॉक्टर! आमच्या मामंजींना बघा!"

डॉक्टरांनी एक बोट वर केलं. थांबा. फोनमधल्या माणसाला म्हणाले, "एक मिनिट हं, होल्ड कर, इथं एक केस आलीय." मग केसपेपर ओढला, पेनाचं टोपण दातानं काढलं, आणि मान खालीच ठेवून प्रश्न सुरू केले. मास्कमधून, टेबलाकडे बघत. मान हललेली त्यांना डोळ्याच्या कडेनं तेवढी दिसत होती.

"काका, शुगर आहे?"

मामंजींनी मान हलवली.

"बीपी?"

मान.

"ॲलर्जी?"

मान.

"ड्रिंक करता?"

"होऽ," मामंजी म्हणाले. शब्द ओठाच्या कोपऱ्यातून सांडला.

"रोज?"

मान.

"आजही?"

मान. ठाम.

"हं," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

"अहो डॉक्टर! ते कशालाही हो म्हणतात! त्यांना ऐकू येत नाही! चहाशिवाय कशाला शिवले नाहीत ते जन्मात!"

"काकू, ओरडू नका. मला ऐकू येतं."

"मी ओरडत नाहीये!"

पलीकडच्या खाटेवरचा पाय मोडलेला मुलगा दचकून उठून बसला.

"हेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. "ही भाजीमंडई नाहीये. सिस्टर, यांना बाहेरच्या बाकावर बसवा. लिंबूपाणी द्या. उतरली की बरं वाटेल."

"अहो, निदान तोंडाचा वास तरी घ्या! एकदा वर बघा!"

"काकू, डॉक्टर मी आहे की तुम्ही?" आणि मान खालीच ठेवून, इअरफोनच्या वायरवरचं बटण दाबून, "हां, बोल. बाल्कनीचं काय म्हणत होतास?"

पूर्वा सिस्टर यवतमाळकडची. ती व्हीलचेअर ढकलत हळूच म्हणाली, "ताई, आवाज कमी करा न जराशिक. सर चिडले का मंग अजूनच नाही बघत ते."

"हाच माझा आवाज आहे हो," काकू म्हणाल्या. रक्षकानं मान वळवून बघितलं.

बाकाशी आल्यावर सिस्टरला कुणीतरी हाक मारली. काकू मामंजींच्या समोर उकिडव्या बसल्या. काय करावं सुचेना. दत्ताकाकांचा फोन लागत नव्हता. सवयीनं त्यांनी अंगठा ओठाला लावला. पाणी देऊ का, चहा देऊ का, काहीतरी.

मामंजी त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांच्या खांद्यात काहीतरी हललं, आणि डावा हात वर आला. मुठीत हातोडा असल्यासारखा. एकदा.

ठेव.

बावीस वर्षं काकूंनी या माणसाला चहा विचारला होता. उत्तर नेहमी उजव्या हातानं यायचं. सणाला, तापात, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा. डाव्या हातानं ते पत्रा धरायचे, बोलायचे नाहीत. त्यांनी उजवा हात उचलून बघितला. तो ओल्या फडक्यासारखा आला आणि सोडला तसा मांडीवर पडला. हा हात. ज्या हातानं कसब्यातल्या निम्म्या देवघरांतले तांबे घडवले तो हात.

आणि तो रुसला नव्हता. दुपारभर तो रुसला नव्हता. रुसलेला माणूस दुसऱ्या हातानं उत्तर देत नाही.

काकू उठल्या. छाती भरून श्वास घेतला. आता जी हाक निघाली असती, तिच्यापुढे हॉस्पिटलच्या काचा राहिल्या असत्या की नाही, शंकाच आहे. रक्षकानं ते ओळखलं. तो एक पाऊल पुढे सरकला. आणि ते पाऊल बघून काकूंच्या लक्षात आलं : ओरडले, की मला बाहेर काढतील. डॉक्टर म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं मंडई? आणि मामंजी या बाकाशी बसून सगळ्यांना हो म्हणत राहतील.

त्यांनी श्वास गिळला. तसाच. आत कुठंतरी, झाकणं, हातोडे, बावीस दिवाळ्या यांच्या खाली, वाघोलीच्या गुरुजींच्या मुलीचा एक आवाज पडलेला होता. तो सापडतो का, ते बघायला हवं होतं.

त्या आत गेल्या. डॉक्टरांच्या अगदी बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. पहिल्यांदा नुसती हवा आली, बंद पडलेल्या नळातून येते तशी. मग थोडं खरखरलं.

डॉक्टर फोनमध्ये म्हणाले, "कार्पेट एरिया सांग तू." मग, "काय?"

काकू पुन्हा बोलल्या. तितक्याच हळू.

"काय म्हणताय?" त्यांनी कपाळाला आठी घातली. "मोठ्यानं बोला ना जरा!"

शीलाकाकूंना आयुष्यात कुणी मोठ्यानं बोला म्हटलं असेल, तर ते बघण्याच्या कार्यक्रमात. एरवी त्यांनी हे वाक्य फ्रेम करून घरात लावलं असतं. आत्ता त्या आवाज वाढवायला तयार नव्हत्या. त्या नुसत्या थांबल्या.

डॉक्टरांनी इअरफोन काढला. मास्क खाली केला. आणि मान वर केली.

"डॉक्टरसाहेब," काकू कुजबुजल्या, "त्यांचा उजवा हात उठत नाहीये. सकाळी याच हातानं बंब ठोकत होते. आणि ते कशालाही हो म्हणतात. चंद्रावर जाऊन आलात का, विचारा."

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. मग टेबलावरून उतरले. दारात सिस्टर मामंजींची खुर्ची घेऊन परत येतच होती. त्यांना बाहेर ठेवणं तिला पटलंच नव्हतं. तिनं ते ऐकलं आणि मामंजींच्या पुढ्यात वाकून विचारलं, "काका, चंद्रावर जाऊन आले का जी तुम्ही?"

मान.

"अजून जाता का?"

मान. ठाम.

"सर," सिस्टर म्हणाली, "हे तर कशालेबी हो म्हनून राह्यले."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते गुडघ्यावर बसले. मामंजींचे दोन्ही हात समोर धरले आणि सोडले. डावा राहिला, उजवा खाली गेला. त्यांनी बोटानं पांढरी मिशी बाजूला केली. मिशीखाली ओठाचा कोपरा उतरलेला होता, इतका वेळ झाकलेला. आता जो आवाज निघाला तो त्या फ्लॅटवाल्या माणसाचा नव्हताच.

"काकू, हे शेवटचे एकदम नीट कधी होते? अंदाज नकोय. तुम्ही स्वतः बघितलं असेल ते सांगा."

"शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा. अकराच्या सुमाराला. चहा ठेवू का विचारलं, तर हातोडा उचलून हो म्हणाले. उजव्या हातानं."

"आणि मग?"

"जेवायला बोलावलं तेव्हा उत्तर नाही दिलं."

"तेव्हाच का नाही आणलंत?"

हे उत्तर ओरडून देता आलं असतं तर सोपं गेलं असतं. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मला वाटलं, रुसलेत."

डॉक्टरांनी वेळ कागदावर टिपली. पूर्वा सिस्टर म्हणाली, "घरोघरी असंच असते जी."

"मेंदूला रक्त पोचत नसणार," डॉक्टर उठत म्हणाले. "पण अजून वेळ आहे. फार नाही, पण आहे. सीटीला सांगा, निघालोय. चला, चला, चला!" आणि खुर्ची त्यांनी स्वतः ढकलली, जवळजवळ पळत.

टेबलावर राहिलेल्या फोनच्या इअरफोनमधून बारीक आवाज येत होता. "हॅलो? सर? ईस्ट फेसिंग फायनल करायचं का? हॅलो?"

सिस्टरनं फोन उचलला. "सर पश्चिमेकडे गेले," ती म्हणाली आणि बंद केला. सीटीची खोली तिकडेच होती.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं, ते आतच दिलं गेलं. डॉक्टरांनी प्रत्येक गोष्ट काकूंना समोर उभं राहून सांगितली. हात परत येईल का, याला मात्र त्यांनी हो म्हटलं नाही. "येऊ शकतो," म्हणाले. "आशा ठेवायला जागा आहे." काकूंना ते आवडलं. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी विचार करून उत्तर दिलं होतं.

उत्तरेश्वरकडून फोनवर सगळं ऐकून दत्ताकाका वाघोलीहून पोचले ते बाह्या सरसावूनच. "कुठंय तो डॉक्टर? पिऊन आलेत म्हणतो? माझ्या बापाला?"

काकूंनी तळहात खाली दाबला. हळू.

काका थबकले. "तुझा आवाज बसलाय का?"

"बसला नाही," काकू कुजबुजल्या. "ठेवलाय. लागला तर काढीन."

मग त्या एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. "साहेब, त्या कागदावर तुम्ही दारूचं लिहिलंय. ते खोडा."

डॉक्टरांनी कागद काढला, ती ओळ खोडली, शेजारी सही केली. मान खाली होती. मग त्यांच्या ते लक्षात आलं असावं, आणि त्यांनी ती वर केली. "सॉरी, काकू. मी बघायला हवं होतं."

"हो. बघितलं असतंत, तर मला एवढं हळू बोलावं लागलं नसतं," काकू म्हणाल्या. "घसा दुखतोय माझा."

दोन दिवसांनी मामंजी वॉर्डात होते, खिडकीजवळच्या खाटेवर. बोलणं बरंच सुधारलं होतं. चिंचेतून वाचलेलं यंत्र दुरुस्त करून काकांनी आणलं होतं. ते मामंजींनी उशीखाली ठेवलं होतं. "इथं सगळे हळूच बोलतात," असं कारण होतं. उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा. बोटं हलायची, पण व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चेंडू दाबायला दिला की तो सुटून जायचा. प्रत्येक वेळी काकू तो खाटेखालून काढून द्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

सकाळची उन्हं खाटेवर आली होती, तेव्हा डॉ. वरद आले. दोन्ही कान मोकळे, मास्क हनुवटीवर. ते मामंजींच्या अगदी समोर उभे राहिले, चेहऱ्यासमोर चेहरा आणला, आणि गरजले :

"काकाऽ! कसं वाटतंय आजऽ?"

अख्खा वॉर्ड जागा झाला. कोपऱ्यातल्या आजोबांच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला.

"सर, हळू न," पूर्वा सिस्टर म्हणाली. "मंडई नाही न हे."

डॉक्टर लाल झाले. मग काहीतरी आठवून त्यांनी सिस्टरकडे बघितलं; तिनं डोळ्यांनीच खूण केली, करा करा. काकूंकडून शिकून घेतलेली आळीची खूण तिनं त्यांना शिकवलेली दिसत होती. डॉक्टरांनी मोठ्या ऐटीत अंगठा वर केला आणि नेऊन लावला तो नाकाच्या शेंड्याला. चहा?

आळीच्या भाषेत या खुणेला कसलाच अर्थ नव्हता.

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. नव्या घडवलेल्या भांड्याकडे बघतात तसं. कड, बूड, पोट. काकूंचं लक्ष डॉक्टरांच्या नाकावरून ढळलं, कारण पांघरुणावर काहीतरी हललं होतं.

उजवा हात. मनगटापासून हळूहळू वर आला, थरथरत. तर्जनी वाकली. अंगठा तिला शोधत गेला, चुकला, परत आला. टेकला. बोट निसटलं, नुसतंच निसटलं, जोर नव्हता. मामंजींच्या कपाळावर घाम आला. पुन्हा तर्जनी वाकली, पुन्हा अंगठा आला, आणि या वेळी,

टिच्‌.

हवेत. स्वच्छ.

"हे काय?" डॉक्टर हरखून म्हणाले. "हात चालला! बघितलंत, काकू? पण म्हणजे काय ते? चहा हवा की नको?"

काकू हसत सुटल्या होत्या, तांबट आळीच्या पूर्ण आवाजात, डोळ्यांतून पाणी गळत. खालच्या मजल्यावरच्या रक्षकानं वर बघितलं असणार. कुणी त्यांना हळू म्हटलं नाही.

"सांगा ना काकू, काय म्हणाले?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मामंजींकडे बघितलं, मिशी दोन्ही बाजूंनी सारखी वर गेली होती. मग त्या डॉक्टरांच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू, वाघोलीच्या आवाजात, निकालाचा फक्त पहिला अर्धा भाग सांगितला.

"पत्रा चांगला आहे म्हणाले."